बाराव्या दिवसाचं अंडं

कळवणच्या पुढच्या एका गावात मी पाचवीला शिकवत होते. निम्म्या वर्गाला धड वाचता येत नव्हतं आणि विज्ञानाचं पुस्तक कुणी आपणहून उघडत नव्हतं. चित्रातल्या प्राण्यापेक्षा डोळ्यांसमोरचा प्राणी बरा, असं मला वाटलं. मी विचारलं, "कुणाच्या घरी कोंबडी खुडूक बसलीय का?"

हात वर केला तो वर्गात कधीच तोंड न उघडणाऱ्या एका मुलीनं. दुसऱ्या दिवशी तिची आई तांबडी कोंबडी आणि नऊ अंडी घेऊन आली.

खिचडीच्या तांदळाच्या खोलीत, टोपलीत भुसा घालून आम्ही कोंबडी अंडी उबवायला बसवली. रोज एकानं निरीक्षण करायचं, फळ्यावर दोन ओळी लिहायच्या आणि बाकीच्यांनी त्या वाचायच्या. 'आज कोंबडी पाणी प्यायला उठली.' 'आज तिनं मला टोचलं.' सहाव्या दिवशी खिडकी बंद करून मी मोबाईलच्या टॉर्चवर अंडं धरलं. आत लाल शिरांचं जाळं दिसलं. पोरं एकमेकांना ढकलत पुढे आली.

ती मुलगी मधल्या सुट्टीतही टोपलीशी बसून असायची. आपल्या कोंबडीबद्दल काय लिहिलंय ते कळावं म्हणून ती फळ्यावर बोट ठेवून अक्षरं लावू लागली, आणि दहाव्या दिवशी सगळ्या ओळी न अडखळता वाचल्या. मी खूश झाले. तिच्यावर कमी, स्वतःवर जास्त.

बाराव्या दिवशी शाळा तपासायला साहेब आले. मी टॉर्च लावून अंडं दाखवलं. ते "हं, हं" करत फोनकडे बघत होते. त्यांनी वर बघावं एवढंच मला हवं होतं.

"थांबा सर, आतलंच दाखवते," मी म्हणाले. मला कुणीही सांगितलं नव्हतं.

मी कोंबडीखालून एक अंडं काढलं. मुलीनं माझ्या साडीचा पदर धरला. "मॅडम, नका ना फोडू. जितं हाय ते."

"हे विज्ञान आहे. रडायचं असेल तर बाहेर जा."

ती बाहेर गेली नाही. मी स्टीलच्या ताटलीच्या कडेवर अंडं फोडलं. पिल्लाला डोळा होता, मोठा आणि काळा. पाय होते. ते पाय हलवत होतं. मी पेन्सिलीच्या टोकानं दाखवत गेले. ही चोच, हा पंख, हे पाय. हळूहळू हलणं थांबलं. साहेब आता ताटलीकडे बघत होते.

मला तेवढ्यावर थांबवेना. मी त्या मुलीच्या हातात खडू दिला. "आज काय पाहिलं ते लिही आणि सरांना वाचून दाखव."

तिनं लिहिलं आणि फळ्याकडे तोंड करून मोठ्यानं वाचलं. "आज मॅडमनी अंडं फोडलं. पिल्लू जितं होतं. मग ते मेलं."

"वा! किती स्पष्ट वाचते!" म्हणत साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्या वर्गानं वाजवल्या. मीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच तिची आई दारात उभी होती. कोंबडी काखेत, उरलेली अंडी पदरात. भांडली नाही. म्हणाली, "आम्ही पण कोंबडी कापतो, मॅडम. पण बसवलेल्या अंड्याला हात लावत नाय." मुलगी आईमागे होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर ती वर्गात वाचायची बंद झाली. मी समजावलं, ओरडले, तासभर उभी केली. तिला वाचता येतं हे मला माहीत होतं, म्हणून जास्तच राग यायचा. "नाटकं करतेस," असं मी चारचौघांत म्हणाले. दिवाळीनंतर ती मामाच्या गावी गेली. दाखला न्यायला आई एकटीच आली.

माझं मात्र नाव झालं. मला तालुक्यातल्या शिक्षकांपुढे बोलायला बोलावलं. मी टोपली सांगितली, टॉर्च सांगितला, फळ्यावरच्या ओळी सांगितल्या. ताटली सांगितली नाही. मागच्या बाकावरून एका शिक्षिकेनं विचारलं, "ज्या मुलीनं कोंबडी आणली, ती आता कशी वाचते हो?"

"छान वाचते," मी म्हणाले.