सापांचा कैवारी

सापशिडीत सापाची बाजू घेणारा माणूस उभ्या माळव्यात एकच जन्मला, आणि तो नेमका माझा मावसभाऊ निघाला. ऐंशीच्या आसपास देवासला एकामागून एक कारखाने उभे राहत होते आणि हातीपायी धड असलेल्या प्रत्येक मराठी मुलाला कुठल्या ना कुठल्या शिफ्टमध्ये ओढून नेत होते. हा पठ्ठ्या मात्र म्हणे, मी खेळ काढणार. म्हणजे सापशिडी, ल्युडो, व्यापार असल्या पुठ्ठ्यावरच्या खेळांची चित्रं. त्यावर कुणाचं पोट भरत असेल हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. खेळाचे पट दुकानात आपोआप उगवतात, अशीच आमची समजूत होती.

मी तेव्हा धारहून शिकायला मावशीकडे राहत होते, त्यामुळे त्याच्या सगळ्या तऱ्हा मला जवळून सोसाव्या लागल्या. ताटातल्या वरणभाताचेसुद्धा तो चौकोन पाडायचा. दारावर गारुडी आला की त्याला ओट्यावर बसवून चहा पाजायचा आणि टोपलीसमोर कागद घेऊन मांडी ठोकून बसायचा. एकदा नाग काही केल्या फणा काढीना. "भिया, नाराज है क्या?" याने काळजीने विचारलं. "नाराज नी है, थकी गयो है. सवेरे से घर-घर फिरी रयो है," गारुडी म्हणाला. झालं, याने कागद गुंडाळला, टोपली सावलीत सरकवली आणि मला दमात सांगितलं, "हळू बोल, त्याला पडू दे जरा."

सापांबद्दल त्याचं स्वतःचं असं तत्त्वज्ञान होतं. "साप कुणाला गिळत नाही गं, नुसता मागे नेऊन सोडतो," असं तो म्हणायचा, आणि त्याच्या पटावरचे सापही तसेच असायचे, बसस्टँडवर पोचवायला आलेल्या मामासारखे. नव्व्याण्णवच्या घरात तर तो साप काढायचाच नाही. उंबऱ्यापर्यंत आलेल्या माणसाला खाली ढकलणं त्याला माणुसकीला धरून वाटत नसे. या माणुसकीपायी त्याला कुणी दारात उभं करीना. एका पटावर त्याने मांडूचे महाल आणि तिथले जिने काढले, तर दुकानदार म्हणाला, "बच्चा खेलेगा कि घूमने जाएगा?" राजगढच्या एका व्यापाऱ्याला पाप-पुण्याचा पट हवा होता, म्हणून हा मोठ्या उमेदीने तिकडे गेला. व्यापाऱ्याने पापाच्या घरातले साप पाहिले आणि हात जोडले. "भाईसाब, पाप इतना सुंदर दिखेगा तो लोग करेंगे ही!"

अखेर काकांचा, म्हणजे त्याच्या वडिलांचा, धीर सुटला. ते स्वतः कारखान्यात होते. शब्द टाकून त्यांनी तिथल्याच स्टोअरमध्ये याच्यासाठी जागा धरून ठेवली आणि जाहीर केलं, "राखी झाली की रुजू व्हायचं. खेळ बस झाले." त्या दिवसापासून याचं जेवण कमी झालं, आणि मला पहिल्यांदाच त्याची चेष्टा करवेना. तेवढ्यात इंदूरच्या एका खेळणीवाल्या शेठजींनी नमुना घेऊन बोलावलं, तेही ऐन नागपंचमीला.

त्याने जीव ओतून पट रंगवला आणि वाळायला बैठकीत भिंतीशी उभा केला. आता, पूजेचा नाग दरवर्षी हाच काढायचा. सकाळी हा अंघोळीला गेला आणि मावशीला वाटलं, पोराने यंदा नागाचं अख्खं कुळ काढून ठेवलंय. तिने प्रत्येक फण्याला हळदीकुंकू लावलं, दूध शिंपडलं, लाह्या वाहिल्या आणि आरतीही उरकली. हा ओल्या डोक्याने बाहेर आला तो तसाच खाली बसला. मी ब्लेडने कुंकू खरवडायला धावले, तर मावशी कडाडली, "आज चिरायचं-कापायचं नाही!" शेवटी पट चादरीत गुंडाळला, आम्ही दोघांनी पुरणाची दिंडं कशीबशी गिळली, आणि हा वाटेतून परत फिरेल या भीतीने मावशीने मलाही सोबत धाडलं.

शेठजींनी चादर सोडली आणि भुवया चढवल्या. "ये क्या है?"

"आई ने पूजा कर दी," हा रडवेल्या आवाजात म्हणाला.

शेठजींनी टेबलाखाली हळूच चपला काढल्या. "अब आज के दिन पूजे हुए नाग को दरवाज़े से लौटाऊँ कैसे, भिया?" मग चष्मा लावून त्यांनी एकेक साप निरखला. "वैसे हाथ बढ़िया है. सोमवार से आ जाओ. मगर निन्यानवे पे साँप रखना पड़ेगा."

याने नव्व्याण्णवच्या घरावरून बोट फिरवलं. माझा जीव टांगणीला.

"रखूँगा," बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "पर छोटा."

"छोटा चलेगा."

परतीची बस क्षिप्रेच्या पुलावर आली. तसा तो एकदम म्हणाला, "आता स्टोअरमध्ये जायला नको ना गं?" "नको रे," मी म्हटलं, आणि मला इतकं हलकं वाटलं की भर बसमध्ये रडू आलं.

घरी सगळं ऐकून काका उठले आणि चपला घालू लागले. कुठे निघालात म्हणून मावशीने विचारलं. "स्टोअरवाल्यांना सांगून येतो, ती जागा दुसऱ्या कुणाला द्या म्हणून." दारात ते थांबले. याच्याकडे न बघताच म्हणाले, "बरं झालं रे. तिथं जायला मलाही कधी आवडलं नाही." इतकी वर्षं रोज सकाळी डबा घेऊन निघणाऱ्या त्या माणसाच्या तोंडून हे आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. मावशीही.