घरात उंदीर आहेत का

हे सगळं सलग मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला उंदरांचा भाग माहीत आहे, आग्नेलचा नाही. आग्नेलला त्याच्या नोकरीचं काय झालं ते माहीत आहे, माझ्या घरचं नाही. दोन्ही बाजू फक्त माझ्याकडे आहेत — आणि त्या मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

मी अंधेरीला एका संशोधन संस्थेच्या प्राणीगृहात आहे. प्रयोगासाठी वाढवलेले पांढरे उंदीर निरोगी आहेत ना, हे बघणं माझं काम. सगळ्यांचं रक्त तपासणं शक्य नसतं. म्हणून प्रत्येक खोलीत काही पहारेकरी उंदीर ठेवतो. बाकीचे पिंजरे साफ करताना प्रत्येकातला चमचाभर घाण भुसा यांच्या पिंजऱ्यात टाकायचा. खोलीत कुठे आजार असेल तर तो यांना लागतो. मग तपासायचं यांनाच. हा भुसा टाकायचं काम आग्नेलचं. मढचा. आम्ही एकाच वर्षी लागलो. माझ्याकडे पदवी होती, मी वर गेलो. तो कंत्राटावरच राहिला. चारचौघांतही मला ‘अरे सावंत’च म्हणायचा.

आमच्याकडे एक नियम आहे — इथे काम करणाऱ्याने घरी उंदीर पाळायचे नाहीत. बाहेरच्या उंदरांचे विषाणू कपड्यांवरून, हातांवरून आत येतात. माणसाला काही होत नाही, आतल्या कळपाची मात्र वाट लागते. नव्या माणसाला हे मीच समजावतो.

आणि माझ्या मुलुंडच्या घरात, गॅलरीत, दोन पांढरे उंदीर होते.

मुलीच्या मैत्रिणीकडे पिल्लं झाली होती, तिने दोन आणली. आणि मी — मी काय केलं? हिशोब केला. आत जाताना आम्ही आंघोळ करतो, कपडे बदलतो, हातमोजे घालतो. म्हणजे धोका नगण्य. हाच हिशोब दुसऱ्या कोणी माझ्यापुढे ठेवला असता तर मी तो चालवून घेतला असता का? नसता. वर त्यांचा पिंजरा रविवारी साफ करायचो तो मीच.

मग एका खोलीतल्या पहारेकऱ्यांचा रिपोर्ट खराब आला. पुन्हा रक्त पाठवलं. पुन्हा तेच. अशा वेळी औषध नसतं — खोलीतला एकूण एक प्राणी मारावा लागतो. एका मुलीचं पीएचडीचं सगळं काम त्या खोलीत होतं. ती जिन्यात बसून राहिली होती, आणि मी तिच्या बाजूने वर गेलो.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी ते दोन्ही उंदीर मारले. मला ते वेदना न देता करता येतं. मुलीला सांगितलं, पिंजऱ्याचं दार उघडं राहिलं, पळाले. मारण्याआधी थेंबभर रक्त काढून ठेवलं असतं तर आजार कुठून आला ते कदाचित कळलं असतं. मला कळायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या प्रमुख बाईंनी सगळ्यांना बसवून विचारलं, घरात उंदीर आहेत का. मी नाही म्हणालो. तोपर्यंत ते खरंही झालं होतं — हे मी मुद्दाम तसं करून ठेवलं होतं, हे तुम्हाला कळलंच असेल.

आग्नेलला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, मी मढला राहतो. बाजूला बोंबील सुकतात. उंदीर नसतील तर आमच्या मांजरांनी काय उपास करायचा?”

सगळे हसले. मीही हसलो. बाई हसल्या नाहीत.

नंतर त्यांनी मला एकट्याला केबिनमध्ये बोलावलं. त्याच्या घरातून आलं असेल का, म्हणाल्या. तुम्ही आकड्यांचे माणूस, तुम्ही सांगा.

इथवर यायला मी एवढे फेरे घेतले. ‘सांगता येत नाही’ — एवढंच म्हणायचं होतं, आणि तेच प्रामाणिक उत्तर होतं. मी म्हणालो, “शक्यता जास्त आहे.” कशापेक्षा जास्त? त्यांनी विचारलं नाही. दुसरी शक्यता त्यांच्यासमोर खुर्चीत बसली होती.

आग्नेलचं कंत्राट पुढे वाढवलं नाही.

काही महिन्यांनी तो गेटवर आला, मला खाली बोलावलं. मोबाइलमध्ये फोटो होते. घराची जमीन नव्याने केलेली, बिळं सिमेंटने बुजवलेली, स्वयंपाकघराच्या खिडकीला बारीक जाळी. एकेक फोटो बोटांनी मोठा करून दाखवत होता.

“बघ ना सावंत. एक पण नाही आता. मांजरं पण कंटाळून शेजारी गेली. बाईंना सांगशील?”

सांगतो, म्हणालो.

बाई वरच होत्या. मी लिफ्टने वर गेलो, त्यांच्या उघड्या दारावरून पुढे गेलो आणि माझ्या टेबलाशी बसलो. खिडकीतून गेट दिसतं. तो वॉचमनच्या स्टुलाशेजारी उभा होता, शर्ट नीट खोचून — बाई बोलावतील म्हणून. दुपारी उभा होता. चहाच्या वेळीही.

घरी जायला निघालो तेव्हा मी मागच्या गेटने बाहेर पडलो.