‘लाईन गेली’चं शेवटचं कडवं

माझी आत्या संजीवनी नांदुऱ्याच्या एका शाळेत पोरांची खिचडी शिजवते आणि उरलेल्या वेळात गाते. खरं तर हे उलटं सांगायला हवं. पण गावात तिची ओळख याच क्रमाने आहे.

तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा माणिकराव, गायन पार्टी चालवायचे. बुद्धपौर्णिमा असो, जयंती असो, कुणाच्या बाळाचं नाव ठेवायचं असो, पेटी-ढोलकी जीपमध्ये टाकून ते निघत. गाणी स्वतः रचत, आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ‘माणिक म्हणे’ हे आलंच पाहिजे. आमच्याकडच्या गायकांची ही जुनी रीत. रचणाऱ्याचं नाव गाण्याच्या अंगातच शिवलेलं, कुणी पळवलं तरी उसवता येऊ नये असं. नाव नसलेलं गाणं म्हणजे बेवारस पोर, असं आजोबा म्हणायचे. ते गेल्यावर पार्टी आत्याने धरली आणि ती ‘माणिकाची संजीवनी म्हणे’ अशी मोहोर लावू लागली.

खामगावचा चिन्मय तिला जयंतीच्या कार्यक्रमात ऐकून घरी आला. बँकेतल्या क्लार्कचा मुलगा, मोबाइलवर विनोदी व्हिडिओ करणारा, बोलण्यात गोड. त्याला नव्वदच्या काळातल्या विलायती नाचगाण्यांची नक्कल करायची होती. त्या गाण्यांत धडधड ठोका एकसारखा चालतो, एक पुरुष घाईघाईने काहीतरी दरडावतो, आणि मग एक बाई आभाळाला हात लागेल अशा सुरात एकच ओळ आळवते. चिन्मयला तो सूर हवा होता. आत्याला ती गाणी नवी नव्हती. तिच्या तरुणपणी स्टेशनाजवळच्या कॅसेटच्या दुकानात ती दिवसभर वाजत. “थे बाई एवढी जीव तोडून मांगते,” ती म्हणाली, “पण काय मांगते थे काही समजत नाही.”

मग मागणं आत्यानेच ठरवलं. आमच्याकडे उन्हाळ्यात रोज काय जातं? लाईन, म्हणजे वीज. पुरुषाने कूलर, मिक्सर, पंप, चक्की अशी नावं दरडावून घ्यायची आणि बाईने आळवायचं, ‘लाईन गेली, ओ ओ, लाईन गेली’. त्या ओळीला ठोका एकदम बंद. सगळं शांत. मग कुणीतरी लांबून ओरडतं, ‘आली!’ आणि पुन्हा धडधड सुरू. कडवी आत्याने खिचडी ढवळता ढवळता जुळवली. ती हसत होती. आजोबांनंतर तिला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. शेवटी मात्र तिचा सूर बदलला, कारण शेवटचं कडवं हे तिच्यासाठी थट्टेची जागा नव्हती:

लाईन जाईल, लाईन येईल, तिचा भरोसा धरू नको,
माणिकाची संजीवनी म्हणे, दिवा व्हायाले इसरू नको.

मे महिन्यात खामगावला चिन्मयच्या खोलीत गाणं भरलं. भिंतींना गाद्या टेकवलेल्या, आवाज येतो म्हणून कूलर बंद. आत्या घामाने निथळत गायली.

गाणं महिनाभरात सगळीकडे झालं. लग्नाच्या वरातीत, चिखलीच्या बाजारात, जीपगाड्यांत. व्हिडिओत चंदेरी झग्यातली, काळा चष्मा लावलेली एक मुलगी आत्याच्या आवाजावर ओठ हलवत होती. ती चिन्मयच्या वर्गातली निवेदिता. आणि शेवटचं कडवं कापलेलं होतं.

आत्याने चिन्मयला फोन लावला. मी शेजारीच बसले होते. चेहऱ्याचं तिने काढलंच नाही, कडव्याचं विचारलं. तो म्हणाला, काकू, गाणं लांबत होतं, लोक तोवर थांबत नाहीत. मग स्वतःच चेहऱ्याच्या विषयावर आला. तिकडे विलायतेत तसंच चालायचं म्हणे, गाणारी एक आणि दिसणारी दुसरी. आपण त्याचीच तर टिंगल करून राह्यलो ना.

“मंग टिंगल कोनाची झाली बापू?” आत्याने विचारलं.

तो हसला. गणपतीत खामगावला स्टेजवर कार्यक्रम आहे, तिथे पूर्ण गाणं घेऊ, शेवटच्या कडव्यासकट, असा शब्द त्याने दिला. आत्याने तो शब्द धरून ठेवला. खिचडी वाढताना, चुलीतली राख काढताना ती ते कडवं पुटपुटत असे. एकदा लोकांसमोर नाव येऊ दे, मग व्हिडिओत कोणीही नाचो, एवढंच तिचं म्हणणं होतं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी तिने पांढरी साडी नेसली, पार्टीच्या कार्यक्रमाला नेसायची तीच. मैदान भरलं होतं. तिची जागा पडद्यामागे होती, एका प्लास्टिकच्या खुर्चीवर, हातात माइक. समोर दिव्यांच्या झोतात निवेदिता आणि चिन्मय. मी पडद्याच्या कडेला उभी होते, मला दोन्हीकडचं दिसत होतं. ‘लाईन गेली’ म्हटलं की हजार माणसं श्वास रोखायची आणि ‘आली!’ म्हणून फुटायची. गाणं जिथे संपतं असं सगळ्यांना ठाऊक होतं, तिथे लोक टाळ्या वाजवू लागले. आत्या खुर्चीवरून उठली आणि तिने शेवटचं कडवं सुरू केलं.

ठोका नव्हता. तिचा एकटीचा आवाज. निवेदिता गोंधळली. तिला ही ओळ माहीत नव्हती, तिचे ओठ मिटलेले आणि सूर मात्र चाललेला. मैदान क्षणभर गप्प झालं. मला वाटलं, आता ऐकतील.

“माणिकाची संजीवनी म्हणे…”

चिन्मयला ती शांतता पेलली नाही. त्याने त्या दरडावणीच्या आवाजात माइकवर विचारलं, “कोण बे संजीवनी?”

मैदान हसून लोटपोट झालं. लोकांना तो गाण्याचाच भाग वाटला. आत्याने ओळ पुन्हा धरली, तिला वाटलं असावं की या वेळी पुढे जाता येईल. पण आता हजार गळे तयार होते. कोण बे संजीवनी. ठोका वाजवणाऱ्याने ठोका दिला. दिव्याची ओळ त्याच्याखाली कुठे गेली, कळलं नाही. ती मात्र गायली होती, तिचे ओठ हलताना मी पाहिले.

चिन्मय नंतर पडद्यामागे आला, खूश होता. काकू, हेच तर कमी होतं गाण्यात, म्हणाला. त्याने नवा व्हिडिओ टाकला, या वेळी नावासकट. शेवटी संजीवनी आहे, आणि तिच्यानंतर तो प्रश्न. तोच भाग आता पोरं तोंडाने म्हणतात. एसटी बंद पडली, चक्की फिरेना, मास्तर उशिरा आले, की कुणीतरी ओरडतं. शाळेत खिचडीच्या रांगेतली मुलंही म्हणतात. त्यांना ते तिचं नाव आहे हे ठाऊक असतं आणि नसतंही. ती पुढच्या ताटलीसाठी डाव भरते.

यंदा बुद्धपौर्णिमेला आमच्या वस्तीत तिचा कार्यक्रम झाला. आजोबांचं सर्वांत जुनं गाणं तिने घेतलं. आवाज तसाच, वर जाऊन थांबणारा. ‘माणिक म्हणे’चं शेवटचं कडवं जवळ आलं तशी पुढच्या सतरंजीवरची पोरं एकमेकांना कोपरं मारू लागली. त्यांची तोंडं आधीच उघडली होती.

ढोलकीवाले उद्धवकाका शेवटच्या ओळीसाठी हात उचलून थांबले. आत्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिने पेटीचा भाता मिटला, खटका लावला आणि हात जोडले.