भुऱ्याचा कान

"कान दाखव," म्हणत त्या भुऱ्याचा कान बोटांनी उलटायच्या. गाडीत बसण्याआधी एकदा आणि उतरल्यावर एकदा. देवासच्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे मावशीच म्हणायचे. शाळेतून निवृत्त झालेल्या, घरात एकट्या, आणि सोबतीला हा एवढा एक कुत्रा.

तुमच्याही शेजारी असं कुणी असेल. मावशींचं धारला भावाकडे जायचं ठरलं की भुऱ्याच्या मानेवर गोचिडीचं औषध पडायचं आणि मग दोन दिवस त्याला पाणी लावायची कुणाची टाप नव्हती. आम्ही हसायचो. त्या माळव्याच्या रीतीनं मला भाऊ म्हणून दटावायच्या, "भिया, एक गोचीड बहुत झाली. ताप थेट रक्तात सोडते."

चंपाषष्ठी धारलाच व्हायची. घराण्याचं दैवत खंडोबा, म्हणून त्या दिवशी आधी कुत्र्याला ओवाळायचं, मग माणसांनी जेवायचं. एरवी भावजय भुऱ्याच्या कपाळाला नुसता भंडारा लावायची. त्या वर्षी मात्र तिच्या मनात आलं, देवाचं वाहन बिना आंघोळीचं कसं चालेल? तिनं त्याला ऊन पाण्यानं चोळून न्हाऊ घातलं आणि कानापर्यंत हळद माखली. औषध सकाळीच टाकलेलं होतं. मावशी शेजारी उभ्या होत्या, पण काही बोलल्या नाहीत. मग दुपारभर भुऱ्या म्हशींच्या गोठ्यात लोळला.

देवासला उतरल्यावर मावशींनी कान उलटला. आत भंडारा भरलेला. देवाचा म्हणून तो पुसायला त्यांचा हात धजला नाही.

काही दिवसांनी भुऱ्यानं पोळी सोडली. हिरड्या पांढऱ्याफटक झाल्या, नाकातून रक्त येऊ लागलं. डॉक्टरांनी कानातून फुगलेल्या गोचिडी काढल्या, सुया दिल्या, पण उशीर झाला होता. भुऱ्या मावशींच्या मांडीवर गेला. मला ते बघवलं नाही.

भावजयीला त्यांनी यातलं काही कळू दिलं नाही. माझ्याशी एकदाच बोलल्या. "ती इतक्या मायेनं न्हाऊ घालत होती, भिया. देवाच्या कामाला नाही कसं म्हणू? म्हणायला पाहिजे होतं."

नंतर मावशींनीही अंथरूण धरलं. धारहून भावजयच सेवेला आली. ग्लानीत मावशींची बोटं चादरीचा कोपरा उलटायची, आत चाचपायची, पुन्हा उलटायची.

"वन्सं काय शोधतायत, भिया?" भावजयीनं मला विचारलं.

ती त्यांचे पाय ऊन पाण्यानं पुसत होती. मी माहीत नाही म्हणालो.