वॉल्टरचा मका

अमेरिकेत काय पाहिलंत, असं गावात जो तो विचारतो आणि मी प्रत्येकाला उंच इमारतींचं वर्णन ऐकवतो. खरं काय घडलं ते आज पहिल्यांदाच सांगतोय, तेही कुसुम माहेरी उत्तनला गेलीय म्हणून. तिने सांगितलं असतं तर माझी याहून वाईट गत झाली असती. चहा घ्या, आणि हसायला लागलात तर कप सांभाळा.

मी तिकडे शिकायला गेलो होतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आपल्या भाईंदरच्या खाडीकाठची जमीन खारी. तिच्यात काय पिकवता येईल ते शिकून ये, म्हणून शिष्यवृत्ती मिळाली आणि मला धाडलं कुठे, तर कान्ससला. समुद्र तिथून हजारभर मैल लांब. दुसऱ्या वर्षी कुसुमही बोटीने आली. कोळ्याची लेक ती. मासळीशिवाय तिला घास उतरत नसे, आणि तिथे मासळीचं नाव नाही. तरी बिचारी बटाट्यावर दिवस काढत होती.

उन्हाळ्याची सुट्टी लागली. गावी परत जाणाऱ्या एका विद्यार्थ्याकडून मी जुनी मोटार घेतली. तिचं एक दार सुंभाने बांधलेलं होतं. ठरवलं, आठवडाभर दोघंच फिरू. कान्ससहून नेब्रास्का, तिथून आयोवा.

रस्ते कसले? पट्टी ठेवून आखल्यासारखे सरळ. दोन्ही बाजूंना मका. तासाभराने पाहावं, तरी मकाच.

"अवो, हे तर आपल्या मिठागरासारखंच हाय," कुसुम म्हणाली. "सपाटच्या सपाट. फक्त हिरवं."

वाटेत खाण्याची दुकानं लागायची. त्यांच्यावर मालकाच्या नावाच्या पाट्या. कुठे 'जोचं', कुठे 'बिलचं'. दुसऱ्या दिवशी मात्र एका गावात वेगळीच सोय दिसली. चर्चच्या बायकांनी शेजारच्या दालनात टेबलं मांडून गरम जेवण ठेवलं होतं. परक्यांनाही मज्जाव नव्हता. आम्ही आडवा हात मारला. तेव्हापासून मी मनाशी नियमच करून टाकला, की चर्चबाहेर मोटारी उभ्या असल्या आणि बायका झाकलेली भांडी आत नेत असल्या, की तिथे जेवण मिळतं. माणूस शिकला, की असे नियम करतो.

चौथ्या दिवशी आयोवात होतो. भर दुपार, मोटारीच्या तोंडातून वाफ निघतेय आणि आमच्या पोटात आदल्या रात्रीची बिस्किटं. इतक्यात एक पांढरं चर्च दिसलं. बाहेर वीसेक मोटारी. बायका झाकलेली भांडी आत नेतायत. मी ब्रेक दाबला.

"सगळ्यांनी काळे कपडे घातलेत," कुसुम म्हणाली.

"रविवारचे कपडे आहेत ते."

"आज मंगळवार हाय."

"इकडे मंगळवारीही घालतात रविवारचे कपडे," मी म्हणालो आणि आत शिरलो.

दारात एक उंच म्हातारेबुवा उभे होते. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि हळूच विचारलं, "वॉल्टरसाठी आलात?"

आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही काय समजला असता? एक 'जोचं', एक 'बिलचं', तर हे 'वॉल्टरचं'. मी म्हणालो, "हो, वॉल्टरसाठीच."

"कुठून?"

"हिंदुस्थानातून. मुंबईजवळून."

"इतक्या लांबून? वॉल्टरसाठी?" त्यांचा आवाज कापरा झाला.

"वाटेत त्यांचं नाव फार ऐकलं," मी ठोकून दिलं. म्हटलं, जागा तरी पंख्याखाली मिळेल. मुद्दाम बोललेलं खोटं एवढंच. पुढचं सगळं माझ्या अकलेने घडलं.

जागा पंख्याखालीच मिळाली, तीही अगदी पुढच्या टेबलावर, मार्था नावाच्या एका वयस्क बाईंच्या शेजारी. मी रुमाल मांडीवर पसरून त्यांना विचारलं, "आज काय काय आहे? आणि वॉल्टरची खासियत कुठली?"

त्यांनी आधी माझ्या मांडीवरच्या रुमालाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "वॉल्टरची खासियत? गप्प बसणं."

मी मोठ्याने हसलो. आसपासचे लोक वळून बघायला लागले.

ताटं आली. लोण्यात घोळलेले मक्याचे दाणे, बटाटे, कोंबडी. एकेक जण येऊन आमचा हात हातात घेऊन जात होता. एक जण म्हणाला, "वॉल्टर तर जन्मात या तालुक्याबाहेर गेला नाही." मी मान डोलावली. रोज एवढ्यांचा स्वयंपाक करणारा माणूस जाणार कधी?

मी दुसऱ्यांदा मका वाढून घेतला तेवढ्यात दारातले म्हातारेबुवा समोर येऊन बसले आणि काहीतरी सांगू लागले. वर पंखा खडखडत होता. माझ्या कानी फक्त शेवटचं पडलं. "वॉल्टरचा मका पोचला का तुमच्यापर्यंत?"

तोंडात घास होता. मी बोटाने ताट दाखवलं. "पोचला. दोनदा पोचला. फार गोड आहे."

त्यांचे डोळे भरून आले. ते उठले आणि चमच्याने पेला वाजवून सगळ्यांना काहीतरी सांगू लागले. हिंदुस्थान, मका, भूक एवढेच शब्द पंख्याच्या खडखडाटात ऐकू आले. वाटलं, पाहुणे भुकेले आहेत, अजून मका आणा म्हणतायत. मग त्यांनी मला खूण केली, की दोन शब्द बोला.

कुसुमने टेबलाखालून चिमटा काढला. "उठू नका. काय तरी बरोबर न्हाय. ती पलीकडची बाय मघापासून डोळे पुसते."

"कांदा झोंबला असेल," म्हणालो आणि उठलो.

"मित्रहो," मी सुरुवात केली, "आम्ही उपाशी होतो. वॉल्टरने आमचं पोट भरलं." दोघीतिघी हुंदके द्यायला लागल्या. मला आणखी जोर चढला. "पण माझी एक तक्रार आहे. जो इतरांना खाऊ घालतो, तो स्वतः आत लपून बसलाय. त्याला बाहेर बोलवा. त्याचा हात हातात घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. 

पाद्री उठून माझ्याजवळ आले. माझ्या खांद्याला धरून त्यांनी मला हलकेच खिडकीकडे वळवलं. बाहेर झाडाखाली ताज्या मातीचा ढीग होता, त्यावर फुलं.

"वॉल्टर तिथे आहे," ते म्हणाले. "तासापूर्वीच निरोप दिला."

साठ माणसं माझ्याकडे बघत होती आणि माझ्या हातात चमचा होता. काय करू? "मग मी त्यांना इथूनच नमस्कार करतो," एवढं कसंबसं बोललो आणि खिडकीशी हात जोडले. त्याबरोबर सगळं दालन उठून मान खाली घालून उभं राहिलं.

खाली बसलो आणि चमचा ताटाखाली सरकवला. आसपासच्या कुजबुजीतून कळलं ते असं, की महायुद्धाच्या दिवसांत त्या चर्चने हिंदुस्थानातल्या उपाशी लोकांसाठी धान्य गोळा केलं होतं. वॉल्टरच्या नावाने दोन पोती मका गेला होता. मी तो खाऊन जगलो आणि आभार मानायला आलो, असा सगळ्यांचा समज. आणि शेजारच्या मार्थाबाई म्हणजे वॉल्टरची बायको.

"चल, गुपचूप निघू," मी म्हणालो.

"त्या बायला खरं सांगा," कुसुम म्हणाली. "आत्ताच."

"तिला वाईट वाटेल गं."

"वाटू दे. आमच्यात दर्यावर माणूस गेला, की घरची बाय येणाऱ्याच्या तोंडाकडे बघते. तिला खोटं सांगायचं न्हाय."

मग काय, मी वाकून सांगितलं. "बाई, मी वॉल्टरना ओळखत नाही. मला ही खानावळ वाटली. मी ताटातल्या मक्याबद्दल बोलत होतो."

मार्थाबाईंनी रुमाल तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरून पाद्र्यांना हाक मारणार, तेवढ्यात लक्षात आलं, की बाई हसतायत.

"तुम्ही खासियत विचारलीत तेव्हाच मला कळलं," त्या म्हणाल्या. "आणि ऐका. वॉल्टरने तेव्हा एक दाणाही दिला नव्हता. हिंदुस्थान कुठे आहे तेच मला माहीत नाही, म्हणाला. ती पोती मी त्याला न सांगता त्याच्या नावाने पाठवली. पोचली की नाही, ते मात्र कुणी कधी कळवलं नाही."

 त्यावर कुसुम आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "कुणाच्या तरी ताटात पोचली असतील."

मार्थाबाईंनी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. निघताना आमच्या मोटारीत मक्याची कणसं भरून दिली. वाटभर कुसुम तोंड फिरवून बाहेरच्या मक्याकडे बघत होती. मधूनच तिचे खांदे हलायचे.

परत आल्यावर मला वाटलं, झालं गेलं विसरली. परवा गोडदेवला साखरपुड्याला गेलो. यजमानांनी हात जोडून आमचं स्वागत केलं, पंगतीला बसा म्हणाले. मी बाह्या वर केल्या. तोच कुसुमने मला मागे ओढलं आणि दारातल्या सगळ्यांसमोर यजमानांना म्हणाली, "आधी नवरा-नवरी दाखवा, मगच ह्यांना पान वाढा."