अप्पांच्या गिटारचा पिकप

"पिकप गेलाय म्हणे. दोन दुकानं फिरून आलो, उस्ताद. फेकून द्या म्हणाले."

निलंग्याच्या अप्पांनी बॅग माझ्या टेबलावर ठेवली. पूर्वी ते ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या धाकटीचा साखरपुडा होता, आणि त्यात स्वतः वाजवायचा शब्द त्यांनी तिला लहानपणीच दिला होता.

लातुरात वाद्यांच्या दुकानात मी चोवीस वर्षं रिपेअरिंग करतोय. एके काळी शनिवारी गिटारवाल्या पोरांची माझ्याकडे रांग लागायची. आता पोरं क्लासमधून सुटली तर युकुलेले घेतात, नाहीतर कीबोर्ड. इलेक्ट्रिक गिटारला कुणी हात लावत नाही.

आमचे शेठ म्हणाले, "अप्पा, कीबोर्ड न्या भाड्यानं. बटण दाबलं की गिटार वाजतंय."

"न्हाई शेठ. पोरीला बटणाचा शब्द न्हाई दिला."

शेठ माझ्याकडे वळले. "कशाला जीव काढताय? कोण वाजवतंय आता हे?"

माझं डोकंच सटकलं. अहो, त्या दोन दुकानांत प्लेटचे स्क्रूही कुणी हलवले नव्हते. उघडून न बघताच निदान? पिकप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली केसासारखी बारीक तांब्याची तार. गिटारच्या तारेची थरथर तो पकडतो. तो जळला तर खेळ खलास, हे खरं. पण जळला की नाही, ते मीटर सांगतो, दुकानदार नाही.

प्लेट उघडली, मीटर लावला. तिन्ही पिकप ठणठणीत! पण केबल लावायच्या जॅकवर काहीच येईना. म्हणजे मधला रस्ता बंद. मध्ये असतो सिलेक्टर स्विच, कोणत्या पिकपचा आवाज घ्यायचा ते ठरवणारा. त्यात बघतो तर लाल चिखल. वर दोन तांदूळ.

"अप्पा, हे काय?"

"खंडेनवमीचं आसंल. दर वर्षी पूजा करतो की. तेलाचं बोट, हळद-कुंकू, अक्षता."

"स्विचवर?"

"वाजवताना हात तिथंच जायचा ना."

"आणि वाजवली कधी शेवटची?"

अप्पा खाली बघत म्हणाले, "ऑर्केस्ट्रा बंद झाल्यावर न्हाई."

दोन तास लागले. स्विच सुटा केला, क्लीनर मारून ब्रशनं एकेक पट्टी घासली, तारांना परत सोल्डरचा डाग दिला. ॲम्प्लिफायरला जोडून गिटार अप्पांच्या हातात दिली. पहिला सूर कच्चा लागला, दुसरा पक्का. दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. खोटं कशाला बोलू, माझी छाती वीतभर फुगली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या मुलीचा फोन आला. "उस्ताद, ऐका," म्हणाली आणि फोन स्पीकरजवळ धरला. मी माझा फोन शेठच्या कानाला लावला.

"शेठ बोलतोय. कीबोर्ड हाय का?" सूर थांबल्यावर शेठनी विचारलं.

"न्हाई शेठ. आमचे अप्पा हायेत," तिकडून पोरगी म्हणाली.

त्या महिन्यात आमच्याकडची एकही इलेक्ट्रिक गिटार खपली नाही, हेही सांगून टाकतो. पण गेलं म्हणायच्या आधी मीटर लावावा. आणि पूजा जरूर करावी, फक्त झाल्यावर पाच मिनिटं वाजवावं.