नानांचा राहिलेला भाग

मी हे लिहावं की नाही, याची मला अजून खात्री वाटत नाही. आमच्या घरात सही करणारा मी पहिला. आई-वडील आजही अंगठा लावतात. कॉलेजात दोन वर्षं काढली म्हणून कुणा माणसाबद्दल लिहायचा हक्क मिळतो असं नाही. पण सरांनी वार्षिकांकासाठी ‘तुमच्या ओळखीच्या एखाद्या माणसावर लिहा’ असं सांगितलं, तेव्हा मला दुसरं कुणी आठवेचना. भाषेत चुका असतील, त्या माफ कराव्यात. भाषेपेक्षा मोठी एक चूक या लेखात आहे. तिची माफी वाचणाऱ्यांकडे मागून उपयोग नाही.

धानोऱ्यात आमच्या घराला लागून नानांचं घर. नाना बाजार समितीत मापाडी होते. आयुष्यभर लोकांची मिरची तोलली. काट्यापुढे घाई केलेली त्यांना चालत नसे. ती सवय निवृत्तीनंतरही गेली नाही. कुणी तावातावाने भांडण सांगायला आला, की नाना हात वर करत आणि म्हणत, “काटा थांबू दे, मंग बोल.” माझा बारावीचा निकाल मी धापा टाकत सांगायला गेलो, तेव्हाही ते हेच म्हणाले. मी थांबलो, श्वास घेतला, मग सांगितलं. मग मात्र ते उठले आणि गुळाचा खडा माझ्या तोंडात घातला.

अशा माणसाला मी घाई करताना पाहिलं ते फक्त एका गोष्टीसाठी. सकाळी आणि दुपारी, ठरलेल्या वेळी, ते कुठेही असले तरी उठत. पारावर गप्पा रंगलेल्या असोत, ताटावर बसलेले असोत, नाना निघाले म्हणजे निघाले. पारावरची माणसं मागून ओरडत, “जाय नाना, जाय! तुन्हा डबा उपाशी मरी ऱ्हायना!”

नाना न वळता उत्तर देत, “उपाशी नही रे, आफरी जायेल शे!” म्हणजे खाऊन खाऊन पोट फुगलंय.

डबा म्हणजे टीव्हीखालचा डिशचा डबा. साधा नव्हे, कार्यक्रम साठवून ठेवणारा. तो त्यांच्या मुलीने, ललिताने, मिरचीच्या पथारीवर काम करून घेतला होता. पथारी म्हणजे मोकळ्या रानात लाल मिरची वाळत घालतात ती जागा. ललिता तिथे बायकांच्या टोळीवर देखरेख करायची. माझा दहावीचा फॉर्म तिनेच भरला होता. मोठमाय, म्हणजे नानांची बायको, संध्याकाळी स्वयंपाकात असायची आणि तिची मालिका हुकायची, म्हणून ललिताने तो डबा आणला.

एकदा शेतीच्या कार्यक्रमाची माणसं पथारीवर आली. त्यांनी ललिताला बोलतं केलं. मिरची किती दिवस वाळते, देठ कधी काढायचे, सगळं तिने शाळेतल्या बाईंसारख्या शुद्ध मराठीत सांगितलं. भाग लागला त्या संध्याकाळी आम्ही सगळे नानांच्या घरात होतो. मोठमाय पदर तोंडाला लावून हसत होती. “आपली पोर शे का कोनी बाई शे वं ही?” शेवटी विचारणाऱ्याने विचारलं, “ललिताताई, तुम्हाला पुढे काय करायचंय?” पडद्यावरची ललिता थोडी लाजली, केस मागे केले आणि म्हणाली, “मला ना, खरं सांगू का, मला तर...”

आणि लाईट गेली.

अंधारात सगळे हसले. नानांनी विचारलं, “काय सांगं व्हतं तू?” ललिता म्हणाली, “देखजो ना, नाना. सकाय परत लागस.” तो कार्यक्रम संध्याकाळी नवा लागायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अन् दुपारी पुन्हा दाखवायचे. पण त्या दिवशी गावाची डीपीच जळाली होती. तीन दिवस गाव बिनविजेचं राहिलं. डब्यात अर्धा भाग उरला. विचारू केव्हातरी, म्हणून कुणी तिला पुन्हा विचारलं नाही. पुढच्या श्रावणात तिला कावीळ झाली आणि महिन्याच्या आत ती गेली.

त्यानंतर नानांनी डब्याला तो कार्यक्रम रोज घ्यायला लावलं. कधीतरी जुना भाग परत दाखवतील, एवढीच आशा. पण डबा एकच भाग तीन-तीनदा घ्यायचा आणि भरून जायचा. भरला की सगळ्यात जुनं आपोआप पुसून टाकायचा. सगळ्यात जुनी होती ललिता. म्हणून नाना दुसऱ्या कुणावर न सोपवता स्वतः राखण बसत. डब्यावरचा लाल दिवा लागला की पहिली दोन मिनिटं बघत, कालचाच भाग आहे हे कळलं की रेकॉर्डिंग थांबवून पुसून टाकत. संध्याकाळचा नवा भागही बघून पुसत. चार वर्षं त्यांनी गाव सोडलं नाही. खांडबाऱ्याला सख्ख्या भाचीचं लग्न होतं, तिथेही मोठमाय एकटी गेली.

मी माझ्या परीने हातपाय मारले. इंटरनेटवर शोधलं, त्या कार्यक्रमाचे अलीकडचेच भाग सापडले. वाहिनीला पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. अर्धा भाग टीव्हीसमोर धरून मोबाईलमध्ये घेतला, तर चेहऱ्यावर आडव्या रेघा आणि आवाजात पंख्याची घरघर. नानांनी तो पाहिला आणि मोबाईल परत दिला. “हाई आपली ललिता नही,” म्हणाले. डब्यातलं एखादं रेकॉर्डिंग कायमचं राखून ठेवायची सोय असेलही, मला ती सापडली नाही.

मागच्या उन्हाळ्यात नानांचा मोतीबिंदू पिकला. डॉक्टरांनी नंदुरबारला ऑपरेशन सांगितलं आणि नाना हलेनात. मोठमाय आमच्या अंगणात येऊन रडली. “तू कॉलेजमा शिकस ना? काहीतरी कर रे भाऊ. डोया जातीन, पन हाऊ मानूस डबापुढून उठाव नही.”

मी दुपारी गेलो. रिमोटला प्लास्टिकची पिशवी बांधलेली होती, ती सोडली. शोधता शोधता एक सोय मिळाली: फक्त नवे भाग घ्यायचे, पुन्हा दाखवलेले सोडून द्यायचे. ती लावली की डबा रोज एकच भाग घेणार होता. मोठमायने आठवड्याला एकदा पुसलं तरी पुरे. अर्धी ललिता सुरक्षित राहणार होती. पण ज्या जुन्या भागासाठी हा सगळा खटाटोप, तो आलाच तर डबा त्यालाही पुन्हा दाखवलेला म्हणून सोडून देणार होता. नानांना ज्यांचा काही उपयोग नव्हता ते नवे भाग तेवढे साठणार होते. हे मला कळत होतं. मी मनात म्हटलं, चार वर्षांत आला नाही, आता कुठला येतो? निदान डोळे तरी वाचतील. रेकॉर्डिंग पूर्ण बंद करावं असंही वाटलं, पण यादी रिकामी दिसली असती तर नानांनी विचारलं असतं.

“झालं, नाना. आते तो एकच भाग तीन टाईम घेवाव नही.”

नानांनी पिशवी पुन्हा रिमोटला बांधली. मग म्हणाले, “आनि आपला भाग परत उना तं घेई ना हाऊ?”

तेव्हा काटा थांबू द्यायला हवा होता. मी लगेच म्हणालो, “घेई, नाना.”

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “शिकेल मानूस घरना बाजूले पाहिजे बुवा,” ते मोठमायला म्हणाले. त्याच आठवड्यात त्यांनी ऑपरेशन करून घेतलं. पुढे ते बाजाराला जाऊ लागले, खांडबाऱ्याला भाचीचं बाळ बघून आले. आई फोनवर हे सांगायची आणि मला हॉस्टेलवर बरं वाटायचं.

दिवाळीत मी घरी गेलो, तेव्हा नाना ओट्यावर बसले होते. आत टीव्ही बंद, त्यावर ललिताने विणलेला रुमाल टाकलेला. दुपारची वेळ झाली तरी ते उठले नाहीत. मी मुद्दाम विचारलं, “डबा कसा शे, नाना?”

“शे बापा, बरा शे. तू सांग, मेसमा पोटभर देतस का?”

त्यांना आता शांतता मिळाली, असं मी समजलो. मला त्याचा थोडा अभिमानही वाटला, हे इथे लिहिलंच पाहिजे.

त्यानंतर दोन महिन्यांनी, माझी परीक्षा चालू असताना, नाना झोपेतच गेले. मला घरून कळवलं ते शेवटचा पेपर झाल्यावर. मी दहाव्याला पोचलो. माणसं पांगल्यावर मोठमायने मला आत बोलावलं. टीव्हीवर तो रुमाल तसाच होता. तिने चहा दिला आणि ती खाली बघत बोलू लागली.

दिवाळीच्या आधी एका दुपारी नाना बाजाराला गेले होते आणि ती मिरची खुडायला. संध्याकाळी गादीवाले सलीमभाई धावत आले. “नाना, देखा क्या? ललिता आयी थी टीवी पे! मैं तो समझा, आप घर पे देख रहे!” नानांनी विचारलं, शेवटी ती काय म्हणाली. सलीमभाईंच्या दुकानात तेव्हा गिऱ्हाईक होतं. ती हसत होती, एवढंच त्यांना आठवत होतं. नानांनी डबा लावला. यादी वरून खाली तीनदा पाहिली. त्यात तो भाग नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी डिशवाल्याला बोलावलं. तो डब्यात बघून म्हणाला, “नाना, आठे जुना भाग घेवानं कोनी बंद करी ठेल शे.”

दिवाळीत मी त्या ओट्यावर बसलो होतो, तेव्हा नानांना हे सगळं माहीत होतं.

“मंग नाना काय म्हनेत?” मी विचारलं.

“काय म्हनतीन? रुमाल टाकी दिना टीव्हीवर. आनि माले म्हने, पोऱ्याले सांगू नको. तेन्ही परीक्षा शे.”